थेट कन्यादान

माझ्या लग्नात मी सगळ्यात जास्त शिव्या मॉडेमला दिल्या, असं आमच्या नात्यातले लोक अजून हसून सांगतात. साफ खोटं. मॉडेम बिचारं मुकं यंत्र, फोनच्या तारेला चिकटून कुंईकुंई करायचं तेवढंच. शिव्या मी दिल्या त्या माझ्या थोरल्या भावाला, नावानिशी, भर मंडपात, अंगाला हळद आणि कपाळाला बाशिंग असताना. त्यातली एकही मी परत घेतलेली नाही.

पद्मनाभ त्याचं नाव. मी त्याला अण्णा म्हणते. तो न्यू जर्सीत असतो. बायकोच्या बाळंतपणासाठी तो आमच्या आईला घेऊन गेला तेव्हा म्हणाला होता, बाळाचं बारसं झालं की आणून पोचवतो. बारसं झालं. मग थंडी पडली, मग वहिनीची रजा संपली, मग बाळाला दात यायला लागले. आई तिथेच. इकडे कुंभकोणमला माझं लग्न ठरलं. मुलगा तंजावूरचा, बालकृष्ण, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला, बँकेत नोकरीला. मुहूर्त मासी महिन्यातला, म्हणजे फेब्रुवारीअखेरचा, साल एकोणीसशे नव्याण्णव. आता तरी आई येईल हे मी धरूनच चालले होते. लेकीच्या लग्नाला आई येणार का, हा काय विचारायचा प्रश्न आहे?

रविवारी अण्णाचा फोन आला.

"हें पाहा विजया," तो म्हणाला, "आईनें इतक्या लांब येऊन काय करायचें? बाळ तिजवांचून राहत नाहीं. एकटी विमान कशी बदलेल ती? तूं संगणक शिकवतेस कीं नाहीं? लग्न इंटरनेटवर थेट दाखव. आई इथें खुर्चीवर बसून अस्की पाहील. तिथें असल्यासारखेंच."

अस्की म्हणजे सगळं. आमच्या घरच्या बोलीतले दोन-चार शब्द अण्णाने अमेरिकेत जपून ठेवलेत, आणि ते कुठे वापरायचे हे त्याला बरोबर कळतं. बाळाच्या अंगाईला आई हवी, दुपट्यांना आई हवी, रात्री उठायला आई हवी. आणि लेकीच्या लग्नाला मात्र आईचं चित्र गेलं तरी चालेल. चित्रही तिचं नाही, आमचं, तिला दाखवायचं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आईला फोन दे.

"तूं रडूं नकोस," आई म्हणाली. मी रडत नव्हते, दात खात होते. पण आईला सगळं रडणंच वाटतं. "तो दाखवीन म्हणतो. मी पाहीन." मग हळूच, शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसं ती बोलली, "धार तेवढी माझ्या हातची पडली असती तर बरें होतें. माझ्या आईनें माझ्या लग्नांत सोडली, तिच्या आईनें तिच्या. तेवढेंच बाईमाणसाचें काम असतें मंडपांत."

कन्यादानात खाली वधूची ओंजळ, तिच्यावर वराची, सगळ्यात वर वधूच्या बापाची. आई झारीने पाण्याची धार सोडते आणि ते पाणी तिन्ही ओंजळींतून उतरत जातं. बाकी सगळं शास्त्री करतात, बाप करतो, मामा करतो. आईकडे ती धार. आणि आई आता समुद्रापलीकडे खुर्चीवर बसणार होती.

फोन ठेवला आणि मी अप्पांवर ओरडले. अप्पांनी, म्हणजे शेषाद्रींनी, जन्मभर शाळेत गणित शिकवलं; पण मुलाचा शब्द आला की त्यांचं गणित तिथेच संपतं.

"तो तिथें एवढा मोठा इंजिनियर आहे," अप्पा म्हणाले. "विचार करूनच सांगत असेल कीं."

लग्न पुढे ढकला म्हटलं, तर सेतुमामा मधे पडला. सेतुराम, आईचा धाकटा भाऊ. त्याने तरी बहिणीची बाजू घ्यावी? तो म्हणाला, "तंजावूरकरांस काय तोंड दाखवायचें? मुलीची आई बाळास दूध पाजते म्हणून मुहूर्त चुकवला, असें सांगूं?" खरं तर तसंच सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात खरं सांगायला कुणाला तोंड नव्हतं, आणि मला तोंड होतं तर त्या तोंडाला फटकळ म्हणायची पद्धत होती.

शेवटी मी म्हटलं, बरं. दाखवायचंच ना? मग असं दाखवीन की आईला माझ्या कपाळावरचं कुंकू ओळखू आलं पाहिजे.

मी तेव्हा महामहम् तळ्याजवळच्या एका संगणकवर्गात शिकवत होते. कॅमेरा लावला की चित्र आपोआप अमेरिकेला पोचतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. कॅमेऱ्यातून एका दमात जेवढं चित्र बाहेर पडतं, तेवढं फोनच्या तारेतून ढकलत बसलं तर लग्नाची पंगत उठून पानंसुद्धा उचलून होतील. म्हणून एन्कोडर नावाचा प्रोग्राम असतो. तो चित्राचे बारीक चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन मघाच्या चित्राशी ताडून पाहतो, आणि ज्यात काही बदललं नाही तो पाठवतच नाही. पलीकडच्याला सांगतो, तुझ्याकडे आहे तोच राहू दे. जे हललं तेवढंच तारेतून जातं. आणि फारच हललं, की तेही धड जात नाही. तोंडाचा, हातांचा, फुलांचा एकच चिखल होतो. आवाजालाही त्याच तारेत जागा द्यावी लागते. नुसतं बोलणं पाठवायचं तर थोड्यात भागतं. नादस्वरम्, म्हणजे आमच्याकडची सनई, ऐकण्यासारखं पाठवायचं, तर चित्राच्या वाट्याला काही उरत नाही.

वर आणखी एक. हे सगळं आधी अमेरिकेतल्या एका सर्व्हरवर चढतं, तिथून अण्णाच्या संगणकावर उतरतं, आणि तो संगणक थोडं साठवून घेतल्याशिवाय दाखवतच नाही. तार मधे अडखळली तरी चित्र तुटू नये म्हणून. त्यामुळे इथे घडलेलं तिथे चांगलं अर्ध्या मिनिटाने दिसतं. म्हणायचं थेट आणि वाढायचं शिळं.

त्या चार-दोन आठवड्यांत मी माझ्या लग्नातून एकेक वस्तू काढून टाकत गेले. पहिली गेली साडी. आमच्याकडे मुहूर्ताची साडी चौकड्यांची, जरीबुट्ट्यांची. इतक्या बारीक चौकड्या जराशा हलल्या की एन्कोडरची दाणादाण. मी टाऊन बस पकडून दारासुरमला गेले आणि तिथल्या विणकर कृष्णमूर्तींना म्हटलं, साधी लाल विणा, चौकडी नको, बुट्टी नको, काठ अगदी अरुंद. कृष्णमूर्तींच्या घरातून आमच्या घरच्या सगळ्या लग्नांची रेशमं आलेली. त्यांनी मागावरून हात काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "घरात कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, अमेरिकेला गेलं. त्यांना विनोद कळला नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

मग गेला झोपाळा. नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, दुधाने पाय पुसतात. झोके घेणारी माणसं पाठवायची म्हणजे चित्राच्या नावाने आंघोळ. मी सांगितलं, झोपाळा बांधा, पण हलवायचा नाही. माझ्या मामीने कपाळावर हात मारून घेतला. नादस्वरम् बाहेर अंगणात गेलं. मंडपातले पंखे बंद, कारण माळा हलतात. पाहुण्यांनी बोहल्यामागून ये-जा करायची नाही. माझ्या बरोबर शिकवणारी शिवकामी कॅमेरा आणि संगणक सांभाळणार होती, ती म्हणाली, "विजया, नवरदेव तरी हलला तर चालेल का?" तिच्याशिवाय त्या दिवसांत मला कुणी हसवलं नाही.

हे सगळं मी आईसाठी करत होते, अण्णासाठी नाही. हे स्वतःला रोज सांगावं लागत होतं.

धारेचं काय करायचं, हे विचारायला मी आणि अप्पा व्यंकोबा शास्त्रींकडे गेलो. पत्नी हजर नसेल तर तिच्या जागी दर्भाची जुडी ठेवायची आणि धार दुसऱ्या कुणी सवाष्णीने सोडायची, असं ते म्हणाले. म्हणजे आईच्या जागी गवत. मी तिथेच उठणार होते. पण अप्पांनी अण्णाने फोनवर सुचवलेली युक्ती काढली: इथे मामीने धार सोडावी, आणि त्याच क्षणी तिकडे आईने संगणकासमोर ताट ठेवून त्यात सोडावी. थेटच आहे, मग दोन्ही एकच.

शास्त्रींनी पोथी चाळली. "समुद्रापलीकडून धार सोडावी असें कुठें सांगितलें नाहीं," ते म्हणाले. "सोडूं नये असेंही नाहीं. सोडूं द्या."

त्या रविवारी मी अण्णाला बजावलं. "चित्र पाहून आईस धार सोडूं देऊं नकोस. चित्र शिळें असतें. इथलें पाणी पडून वाळलें तरी तुज दिसायचें नाहीं. मी फोन कानाशीं धरून सांगेन, तेव्हां सोडूं दे."

"अर्ध्या मिनिटानें काय होतें?" अण्णा म्हणाला. "मी इथें हेंच काम करतों, विजया. तूं मज शिकवूं नकोस."

अर्ध्या मिनिटाने काय होतं ते मुहूर्ताच्या दिवशी सकाळीच दिसलं. मंगल कार्यालयाच्या ऑफिसातला फोन मॉडेमला लावला होता, आणि शेजारच्या कॉफीपूडवाल्याच्या दुकानातला फोन लांब तार ओढून बोहल्याजवळ आणला होता. कार्य सुरू झालं तसा अण्णा फोनवरून हुकूम सोडायला लागला. सेतुमामा फोन धरून उभा. "मामा, तूं कॅमेऱ्यापुढें आलास, बाजूस हो." मामा बाजूला झालेला होताच, बिचाऱ्याला वाटलं आणखी व्हायला हवं, म्हणून तो सरकला. "मामा, अजून पुढेंच आहेस!" मामा आणखी सरकला. असा सरकत सरकत तो तांदळाच्या परातीत पाय देऊन उभा राहिला. मुलाकडचे हसले. मला एरवी हसू आलं असतं. पण मला दिसत होतं की न्यू जर्सीत बसलेला एक माणूस होऊन गेलेल्या गोष्टींवर हुकूम सोडतोय, आणि इथे सगळे तो हुकूम झेलतायत. मामाच नाही. आमचं सगळं घरच कित्येक वर्षं तसं सरकत होतं.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. पंखे बंद म्हणून सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा. अक्षता पडल्या तेव्हा शिवकामी संगणकापासून ओरडली, "हळू टाका, हळू!" अक्षता हळू टाकायला सांगणारं ते जगातलं पहिलं लग्न असेल. अंतरपाट खाली आला आणि बालकृष्ण दिसला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्तब्ध राहिला. त्यालाही कुणीतरी दम भरला होता वाटतं. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, कारण तिथे आई होती.

मग कन्यादानाची वेळ आली. अप्पा पुढे सरकले, शेजारी पाटावर दर्भाची जुडी. मामी झारी घेऊन उभी राहिली. मी मामाकडून फोन घेतला आणि कानाला लावला.

"अण्णा, आई कुठें?"

"ही काय, शेजारींच बसली आहे. अस्की पाहते आहे. चला, आटपा."

"तिज फोन दे."

"अगे, ती पाहण्यांत गुंग आहे. मी सांगतों तिज, धार सोड म्हणून. शास्त्रींस म्हण, चालूं दे."

आणि त्याच्या आवाजाच्या पाठीमागून, लांबून, कुठल्या तरी दुसऱ्या खोलीतून, बाळ रडण्याचा आवाज आला. त्या रडण्यात अंगाई होती. ती अंगाई मी ओळखते, माझ्या कानात ती भाषेच्या आधी गेलीय. अंगाई थांबली आणि आईचा आवाज आला, बंद दारामागून आल्यासारखा.

"पद्मनाभा, सुरू झालें काय रे? मज हाक मार हो. हा निजत नाहीं मेला."

सुरू झालं काय! गौरीहर झाला होता, अंतरपाट झाला होता, मंगलाष्टकं झाली होती. ती एकाही क्षणाला त्या खुर्चीवर नव्हती. मी चौकड्यांची साडी सोडली, झोपाळा सोडला, वाजंत्री अंगणात काढली, म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात मूर्तीसारखं बसवलं. आणि ते सगळं माझा भाऊ एकटा, पाय पसरून, पाहत बसला होता.

"पद्मनाभा," मी म्हटलं. अण्णा म्हटलं नाही. "खोटारड्या. आई दुसऱ्या खोलींत आहे."

"हळू बोल, लोक आहेत..."

"लोक ऐकूं दे! आईस दाई करून ठेवलीस आणि वर तोंड करून मज सांगतोस, पाहते आहे म्हणून? निलाजऱ्या! स्वतःचें पोर स्वतःच्या मांडीवर घ्यायला तुझे हात झडले काय? माझ्या लग्नांतली माझी आई चोरलीस तूं. चोर आहेस. तुज ताट हवें, खुर्ची हवी, थेट हवें. आई नको!"

मंडपातले सगळे बोहल्याकडे वळले. नाही म्हणायला अंगणातलं नादस्वरम् चालू होतं. वाजवणाऱ्यांना काही कळलं नव्हतं.

मी माझे हात मांडीवर ओढून घेतले आणि मुठी वळल्या. फोन खांद्याने कानाशी धरला. "आतां ऐक," मी म्हटलं. "पोर घे. आईस खुर्चीवर बसव. तोंवर माझी ओंजळ उघडायची नाहीं. मुहूर्त गेला तर गेला. तुझ्या नांवावर जाईल."

मग काय विचारता. मामा म्हणाला, "विजया, अय्यो, काय आरंभलेंस!" शास्त्री घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाळे, घटका सरते आहे." अप्पा अगदी हळू आवाजात, "सोड गे, तूं शहाणी आहेस कीं," म्हणाले, आणि त्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जन्मभर आईला हेच सांगत आले ते. ती शहाणी, म्हणून तिने सोडायचं. बालकृष्णाचे वडील उठून उभे राहिले, उपरणं झटकलं. आता हे निघाले, असं सगळ्यांना वाटलं.

बालकृष्णाने मान वळवली. इतक्या वेळात तो पहिल्यांदा बोलला. "बसा अप्पा," तो आपल्या वडिलांना म्हणाला. "तिची आई येते आहे. थांबूं."

ते बसले. मामीची झारी तशीच हवेत, अप्पांची ओंजळ तशीच, आम्ही दोघं तसेच.

फोनमधे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा. मग अण्णा परत आला, धापा टाकत. "येते आहे, येते आहे. पण चित्र अडकलें काय? कोणीच हलत नाहीं."

"चित्र अडकलें नाहीं," मी म्हटलं. "आम्ही अडकलों आहों. तुझ्यापायीं."

तेवढ्यात शिवकामी तमिळमधून ओरडली, "विजया, अशीच राहा! स्वच्छ होतंय!" मला लगेच कळलं. हलत काहीच नव्हतं, म्हणजे तारेला नवीन काही पाठवायचं नव्हतं. मग तिची सगळी ताकद त्याच त्या चित्रावर एकेक थर चढवायला लागत होती. गालाचे चौकोन गळून गाल होत होता. इतके दिवस मी सगळ्यांना विनवण्या करून जे जमलं नाही, ते एका भांडणाने झालं.

मी मुठी उघडल्या. दोन्ही हात कॅमेऱ्याकडे केले, ओंजळ धरली, आणि श्वाससुद्धा बेताने घेतला.

बराच वेळ फोनमधे नुसतं बाळ रडत होतं, पण आता जवळून, आणि अण्णा त्याला गप्प करायला जमत नाही तसा "श्शू श्शू" करत होता. मग आईचा श्वास आला.

"अय्यो," आई म्हणाली. "विजया. केवढी झालीस गे."

"दिसतें का, आई?"

"दिसतेस. कुंकू दिसतें. साडी अशी भिकाऱ्यासारखी कां नेसलीस?"

मी हलले नाही, पण रडले. रडण्याने फारसे चौकोन बदलत नाहीत.

"ओंजळ दिसते?"

"दिसते कीं. तुझ्या उजव्या हाताची ती वांकडी करंगळीसुद्धां दिसते. थांब, झारी घेतें."

मी शास्त्रींना म्हटलं, म्हणा. शास्त्रींनी माझ्या खांद्यावरच्या फोनपाशी वाकून मंत्र म्हटला. आता चित्राची वाट पाहायची गरज नव्हती. आई कानाने ऐकत होती. "सोड, आई," मी म्हटलं.

"ताटांत सोड, आई, ताटांत!" पलीकडे अण्णा ओरडला. "आई, तिथें नाहीं! अगे तिथें नाहीं, आई!"

पाणी ओतल्याचा आवाज आला. लहानसा, सावकाश, बराच वेळ. मग फट् असा आवाज झाला, काहीतरी चरचरलं, आणि अण्णाने बाळापेक्षा मोठी किंकाळी फोडली. "संगणक गेला! अस्की गेला! आई, हें काय केलेंस!"

आईने ताटात धार सोडली नव्हती. पडद्यावर माझी ओंजळ होती, तिने तिथे सोडली. आमच्या घरात कुणीही तेच केलं असतं. ओंजळ समोर दिसत असताना पाणी ताटात ओतायचं, हे फक्त अण्णाला सुचू शकतं.

बोहल्यावर माझे हात कोरडे होते; त्या गोंधळात मामीने झारी कलती केलीच नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. फोनमधला गोंगाट जरा लांब गेला आणि आई जवळ आली, अगदी शांत.

"पडलें कीं पाणी, विजया?"

"पडलें, आई."

"सरी," आई म्हणाली, म्हणजे बरं झालं. मग तिने फोन कानाशीच धरून तोंड फिरवलं असावं, कारण पुढचं ती त्याच्याशी बोलत होती, आणि तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. "पद्मनाभा, ओरडूं नकोस. पेटी मेली तर मेली. आतां तुझ्या घरांत मज पाहायला कांहीं उरलें नाहीं. उद्यां मज विमानांत बसव."

पलीकडे अण्णा म्हणत होता, बाळ, वहिनी, थंडी, एकटी कशी. तेच सगळं. माझ्या तोंडात पुढच्या शिव्या तयार होत्या. पण अप्पांनी आपली ओंजळ मोडली, हात लांब केला आणि माझ्या कानाचा फोन काढून घेतला.

"पद्मनाभा," अप्पा म्हणाले, "तुझी आई काय म्हणाली, तें ऐकलेंस कीं नाहीं?"